कोळशाची भावंडं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कार्बनवर बोलायचं ठरलं, तेव्हा एका मित्रानं विचारलं, "शायरसाहेब, आता मुशायरा प्रयोगशाळेत भरवणार की काय?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी रीतसर ओळख शाळेपुरती. पण कवीचं आणि कार्बनचं नातं फार जुनं आहे. पोथीची शाई कार्बनची, पेन्सिल कार्बनची आणि रविवारी सकाळी तुम्ही वाचता त्या वर्तमानपत्रातलं काळं अक्षरही कार्बनचंच. ज्याच्या जिवावर आपण आयुष्यभर लिहिलं, त्याची चौकशी एकदा तरी करायला हवी.

आपल्या बीड जिल्ह्यातलं कुठलंही घर घ्या. चुलीत विझलेला कोळसा असतो. कंदिलाच्या काचेवर काजळी असते. पोराच्या दप्तरात शिसपेन्सिल असते. नळाला लावलेल्या फिल्टरच्या पोटात काळी भुकटी असते. बॅटरीच्या सेलमध्ये काळी कांडी असते. दारात ट्रॅक्टर असेल तर त्याचं टायर काळं असतं. आणि घर जरा खाऊनपिऊन सुखी असेल, तर सुनेच्या नथीत हिऱ्याचा एक बारीक खडा असतो. या सगळ्या वस्तूंमागे एकच मूलद्रव्य आहे, कार्बन. काही ठिकाणी तो जवळजवळ शुद्ध, काही ठिकाणी इतर पदार्थांत मिसळलेला, पण तोच.

मग एकच पदार्थ इतकी सोंगं कशी काय घेतो? विज्ञानाच्या पुस्तकात याला अपरूपता म्हणतात आणि त्या निरनिराळ्या रूपांना अपरूपं. मला ही गोष्ट अक्षरांवरून पटली. क, म आणि ल ही तीन अक्षरं घ्या. एका क्रमानं लावली तर 'कमल' होतं, ते संस्कृतातून आलेलं. दुसऱ्या क्रमानं लावली तर 'कलम' होतं, ते अरबी-फारसीतून आलेलं. अक्षरं तीच, मांडणी बदलली की एकीकडे फूल आणि दुसरीकडे लेखणी. कार्बनचंही असंच आहे. अणू तेच. ते एकमेकांशी कसे जोडले गेले, एवढ्यावर कोळसा की हिरा हे ठरतं.

कार्बनच्या अणूला जोडणीसाठी चार हात असतात असं समजा. म्हणजे तो एकाच वेळी चार शेजाऱ्यांशी बंध जुळवू शकतो. आणि तो आपल्याच जातीच्या अणूंशी जितक्या सहज लांबलचक साखळ्या, जाळ्या आणि कडी करतो, तितकं दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याला जमत नाही. म्हणून तर साखर, कापूस, तेल, लाकूड, तुमचं-माझं शरीर, सगळ्याचा सांगाडा कार्बनचा आहे. पण तो संयुगांचा मोठा संसार झाला. आज आपण एकट्या कार्बनच्या घरात डोकावू या.

हिरा: चारही हात गुंतलेले

हिरा आणि कोळसा एकच, ही गोष्ट माणसाला सहजासहजी पटलेली नाही. फ्रान्समधल्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञानं १७७२ साली मोठ्या भिंगानं सूर्याची किरणं एकवटून हिरा जाळून पाहिला. बंद भांड्यात हिरा नाहीसा झाला आणि कोळसा जळल्यावर निघतो तसाच वायू मागे राहिला. पुढे १७९७ साली इंग्लंडच्या स्मिथसन टेनंट यांनी वजन करून दाखवलं की तेवढ्याच वजनाचा हिरा आणि कोळसा जाळला, तर दोघांपासून तेवढाच कार्बन डायऑक्साइड मिळतो. हिऱ्याचा हिशेब असा राखेविना चुकता झाला.

मग फरक कुठला? तो १९१३ साली ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं शोधला. हिऱ्यात प्रत्येक अणूचे चारही हात चार दिशांना चार शेजाऱ्यांनी घट्ट धरलेले असतात. वर, खाली, आजूबाजूला, कुठूनही बघा, तीच घट्ट वीण. ढिली बाजू कुठेच नाही. म्हणून निसर्गातल्या खनिजांत हिरा सर्वांत कठीण. एकही हात मोकळा नाही, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. उष्णता मात्र तांब्याच्या जवळपास पाचपट चांगली वाहते. प्रकाश आत शिरला की तो इतका वाकतो आणि आतल्या आत इतका परततो, की नीट पैलू पाडलेला खडा झगमगायला लागतो. पैलू पाडले नाहीत, तर कच्चा हिरा एखाद्या गढूळ काचेच्या तुकड्यासारखा दिसतो.

हिरा तयार होतो तो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली. ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर तो वर येतो. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मिळत ते मुख्यतः भारतातून, आणि त्यात गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कृष्णाकाठच्या खाणींचं नाव सर्वांत मोठं.

गोवळकोंड्याचं नाव निघालं की निजाम आठवतो. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे जेकब नावाचा हिरा होता. हा मूळचा आफ्रिकेतला, १८४ कॅरेटहून अधिक वजनाचा, म्हणजे जवळजवळ ३७ ग्रॅम. वडिलांच्या बुटाच्या टोकात तो सापडला असं सांगतात, आणि निजामानं त्याचा उपयोग काय केला, तर टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वजन! १९९५ साली भारत सरकारनं निजामाचे दागिने विकत घेतले, त्यात हा हिराही आला. मला मात्र त्या टेबलाचं नवल वाटतं. वर हिरा, खाली कागदावरची काळी अक्षरं. कार्बनच कार्बनला दाबून बसलेला.

हिरा फक्त मिरवायला नसतो. काच कापणाऱ्याच्या हत्यारात हिऱ्याची कणी असते. दगड, काँक्रीट कापायच्या पात्यांना हिऱ्याची भुकटी लावतात. हा बहुतेक हिरा आता कारखान्यात बनतो. १९५४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा तयार केला गेला. आता मिथेन वायूतून कार्बनचे थर चढवूनही हिरा वाढवतात. प्रयोगशाळेतला हिरा हा खोटा हिरा नव्हे. त्याची वीण तीच असते, फक्त जन्मस्थान वेगळं. सराफाकडे गेलात तर खडा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेतला, हे विचारून पावतीवर लिहून घ्या, कारण भावात मोठा फरक असतो.

आपल्याकडे बोअर घेताना काळा पाषाण फोडणारं बीट हिऱ्याचं असतं असं काही जण समजतात. त्याच्या तोंडाला बसवलेली बटणं टंगस्टन कार्बाइडची असतात. म्हणजे टंगस्टन धातूत कार्बन मिसळून झालेला अतिकठीण पदार्थ. हिरा नसला तरी कार्बनची मदत तिथंही आहेच. खाली पाणी लागणं न लागणं हे मात्र त्याच्या हातात नाही.

ग्रॅफाइट: पत्त्यांचा जोड

आता त्याच अणूंची दुसरी मांडणी पाहू. प्रत्येक अणूनं फक्त तीन शेजारी धरले. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरांची सपाट जाळी झाली. अशा जाळ्या एकावर एक रचल्या, जसा पत्त्यांचा जोड. जाळीच्या आत बंध फार घट्ट, पण दोन जाळ्यांमधली ओढ अगदी सैल. हे ग्रॅफाइट.

पत्ते जसे एकमेकांवरून सरकतात तसे हे थर सरकतात. कागदावर पेन्सिल टेकवून ओढली की वरचे थर सुटून कागदाला चिकटतात. आपण म्हणतो, लिहिलं. याच सरकण्यामुळे ग्रॅफाइटची भुकटी गंजलेल्या कुलपात टाकतात आणि जिथं तेल जळून जाईल अशा गरम यंत्रात वंगण म्हणून वापरतात. शिवाय चौथ्या हाताचा इलेक्ट्रॉन जाळीभर मोकळा फिरतो, म्हणून ग्रॅफाइटमधून वीज वाहते. हिऱ्यातून वाहत नाही ती याच्यातून वाहते. अणू तेच, पण स्वभाव उलटा.

शिसपेन्सिल हा आपला शब्द मोठा गमतीचा आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेल इथं ग्रॅफाइटचा उत्तम साठा सापडला. लोकांना वाटलं हे शिसंच. तो गैरसमज इंग्रजीत टिकला आणि आपल्याही भाषेत 'शिसपेन्सिल' होऊन बसला. पेन्सिलीत शिसं नसतंच. १७९५ साली फ्रान्सच्या कोंते यांनी ग्रॅफाइटची भुकटी आणि चिकणमाती एकत्र मळून, भाजून कांडी करायची पद्धत काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, माती कमी तर मऊ आणि गडद. ग्रॅफाइट हे नावसुद्धा 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे.

विजेच्या कामात ग्रॅफाइटचं राज्यच आहे. मिक्सर दुरुस्तीला न्या, कारागीर उघडून सांगतो, "चाचा, मोटारीचे कार्बन गेलेत." कार्बन गेले म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ग्रॅफाइटचे छोटे ठोकळे झिजले. ते स्वतः झिजतात आणि तांब्याचा महागडा भाग वाचवतात. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीतही एका बाजूला बहुधा ग्रॅफाइटच असतं. चार्जिंग करताना लिथियमचे कण त्या पत्त्यांच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना बाहेर निघतात.

एक शंका नेहमी विचारली जाते. हिरा सदैव टिकतो म्हणतात, ते खरं का? पृष्ठभागावरच्या साध्या दाबाला खरं तर ग्रॅफाइट अधिक स्थिर आहे. हिऱ्याचा कल ग्रॅफाइट होण्याकडेच असतो, पण तो बदल इतका मंद की माणसाच्या हिशेबात तो घडत नाही असंच म्हणायचं. आगीत मात्र हिरा जळतो. मोठ्या आगीतून वाचलेलं सोनं वितळून का होईना हाती लागतं, हिरा हवेत विरूनही जाऊ शकतो.

कोळसा: नेमानं न बसलेला

हिऱ्यात आणि ग्रॅफाइटमध्ये अणू शिस्तीत बसलेले. कोळसा, काजळी, कोक यांत ती शिस्त नाही. जाळीचे लहान लहान तुकडे वेडेवाकडे पडलेले. पुस्तकात यांना अस्फटिकी रूपं म्हणतात. आपल्या भागाचं खरं काम या बेशिस्त भावंडांवर चालतं.

परळीचं औष्णिक वीज केंद्र सर्वांना ठाऊक आहे. तिथला पहिला संच १९७१ साली सुरू झाला. जुने संच निवृत्त झाले, आज प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. आपल्या जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, तो मालगाड्यांनी बाहेरून येतो. भारताचा बहुतेक दगडी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा आहे. झाडं गाडली गेली, दाब आणि उष्णतेनं पाणी आणि वायू निघत गेले, कार्बन उरत गेला. दगडी कोळसा शुद्ध कार्बन नसतो. आपल्याकडच्या कोळशात तर राखेचं प्रमाण फार, म्हणून परळीच्या आसपास राखेच्या विटा होतात आणि राख सिमेंटला जाते.

एक युनिट वीज तयार करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. आणि १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो. हा वायू पृथ्वीभोवती उष्णता धरून ठेवतो. पावसाचं गणित बिघडण्यात त्याचा वाटा आहे. आणि नियतीचा खेळ बघा, २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचंच केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा जाळायलाही पाणी लागतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

दुसरा तो लोणारी कोळसा. लाकडं रचायची, त्यावर पाला आणि माती लिंपायची, हवा अगदी थोडी ठेवायची आणि आतल्या आत धुमसू द्यायचं. लाकडातलं पाणी आणि वायू निघून जातात, कार्बन राहतो. आपल्याकडे वेड्या बाभळीचा असा कोळसा करतात. हॉटेलच्या तंदूरला, इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीला तो लागतो. पण तो करणाऱ्यांचं काय? भट्टीवर राबणारी पुष्कळ कुटुंबं आदिवासी आहेत. रायगडकडची कातकरी माणसं मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर दूरवरच्या भट्ट्यांवर जातात. उचल हा शब्द बीडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाणारा आपला कोयताही उचलीवरच निघतो. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. हिऱ्यातल्या अणूचे चार हात बांधलेले असतात आणि त्याची किंमत वाढते. माणसाचे हात असे बांधले की त्याची किंमत उतरते. माणसात आणि खड्यात हा फरक आहे, तो विसरून चालणार नाही.

एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

साध्या कोळशाला तापवून त्यावर वाफेचा मारा केला, की त्याच्या अंगात अतिसूक्ष्म भोकांचं जाळं तयार होतं. हा क्रियाशील कोळसा, बाजारातल्या भाषेत ॲक्टिव्हेटेड कार्बन. नारळाच्या करवंटीपासून तो फार चांगला होतो. याच्या एका ग्रॅममध्ये त्या सगळ्या भोकांच्या भिंती मिळून साधारण हजार चौरस मीटर जागा असते. आपल्या हिशेबात सांगायचं तर एका ग्रॅममध्ये दहा गुंठे! चिमूटभर काळ्या भुकटीत एवढं रान. या भिंतींना रंगाचे, वासाचे, विषाचे कण येऊन चिकटतात. म्हणून साखरेच्या शुद्धीकरणात रंग काढायला, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यात आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये तो वापरतात.

फिल्टरबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कार्बन फिल्टर क्लोरीन, वास आणि काही रसायनं धरतो. बोअरच्या पाण्यातला जडपणा, क्षार किंवा फ्लोराइड तो काढत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. आणि भोकं एकदा भरली की कार्बनचं काम संपतं, उलट त्यात जंतू वाढू शकतात. कांडी बदलायची तारीख फिल्टरवरच लिहून ठेवा. विषबाधेत दवाखान्यात क्रियाशील कोळसा देतात हे खरं, पण कुठल्या विषाला द्यायचा, कुठल्याला नाही, हे डॉक्टर ठरवतात. घरी चुलीतला कोळसा कुटून पाजण्यात वेळ घालवू नका. रुग्णाला आधी दवाखान्यात न्या.

काजळी: डोळ्यात आणि छातीत

आता काजळी. तेल किंवा तूप अपुऱ्या हवेत जळालं की ही बारीक काळी भुकटी मिळते. आई दिव्यावर थाळी धरून काजळ पाडायची, ते कार्बन. आमच्या घरांत सुरमाही असतो. तोही काळा, पण तो कार्बन नव्हे, तो खनिज दगडाची पूड असते आणि पुष्कळदा त्यात शिशाचं संयुग असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे, म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्यात असा सुरमा घालू नये. पेन्सिलीत शिसं नाही आणि नाव शिसपेन्सिल, सुरम्यात शिसं आणि नावात त्याचा पत्ता नाही!

कारखान्यात केलेली काजळी टायरच्या रबरात मिसळतात. टायर काळं दिसतं ते म्हणून. ही काजळी नसती तर रबर लवकर झिजलं असतं. उसाच्या फडातली टायरगाडी टनावारी ओझं ओढते, त्यात या काजळीचा वाटा आहे.

पण हीच काजळी छातीत गेली की वैरीण होते. चुलीच्या धुरातले कार्बनचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात, दमा, खोकला, श्वासाचे जुनाट विकार मागे लावतात. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, पुष्कळ घरांत गॅस गेला. पण सिलिंडर परत भरून आणायला पैसे नसले, की चूल पुन्हा पेटते. आणि फडावरच्या कोपीत तर तीन दगडांची चूल ठरलेली. पहाटे उठून भाकरी थापणारी बाई तो धूर गिळते, आणि तिच्या पाठीवरचं लेकरूही. चूल उघड्यावर किंवा धुराड्याची असावी, लाकूड वाळलेलं असावं, लेकरू धुरापासून लांब असावं, एवढं तरी आपल्या हातात आहे. थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

नवी भावंडं

शंभर वर्षांपूर्वी पुस्तकं म्हणायची, कार्बनची रूपं संपली. १९८५ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना साठ अणूंचा पोकळ गोळा सापडला. बारा पंचकोन आणि वीस षटकोन, थेट फुटबॉलची शिवण. त्याला फुलरिन म्हणतात, आणि त्याबद्दल या तिघांना १९९६ चं नोबेल मिळालं. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे जगाचं लक्ष वेधलं. षटकोनी जाळीची चटई गुंडाळावी तशा या नळ्या.

सगळ्यांत मजेची गोष्ट २००४ ची. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटला साधी चिकटपट्टी लावली, ओढून काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. असं करत करत पत्त्यांच्या जोडातला एकच पत्ता वेगळा काढला. फक्त एका अणूच्या जाडीचा! हा ग्रॅफीन. जवळजवळ पारदर्शक, विजेचा उत्तम वाहक, आणि जाडीच्या मानानं पोलादाहून कितीतरी बळकट. २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे शाळेतली पोरं पिढ्यान् पिढ्या वहीवर जे घासत होती, त्यातच हे दडलेलं होतं. वेगळं काढून बघणारं कुणी भेटलं नव्हतं, इतकंच.

अंबाजोगाईची पासोडी

शेवटी माझ्या धंद्याची गोष्ट. अंबाजोगाईला सोळाव्या शतकातल्या दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ग्रंथ लिहिला. रोज एका ढबू पैशाची शाई त्यांना लागायची, असं लोक सांगतात. चारशे वर्षांवर झाली, अक्षरं वाचता येतात.

आपल्याकडे पोथ्यांची काळी शाई साधारणपणे दिव्याची काजळी आणि डिंक घोटून करत. मदरशातल्या हस्तलिखितांची काळी शाईही बहुधा याच जातीची. मराठीतला 'शाई' शब्द फारसी 'सियाही'वरून आला, सियाही म्हणजे काळेपणा. उर्दूत शाईला आणखी एक नाव आहे, रोशनाई. रोशनाई म्हणजे उजेडही आणि शाईही. ही शाई टिकते याचं कारण कार्बनच्या स्वभावात आहे. साध्या तापमानाला तो हवेशी, पाण्याशी, उन्हाशी फारशी देवघेव करत नाही. फुलांपासून काढलेले रंग विटतात, काजळी विटत नाही. कापड जीर्ण होईल, कागदाला कसर लागेल, पण अक्षर आपणहून फिकं पडत नाही.

हिऱ्याला आम्ही कवींनी फार डोक्यावर घेतलं. मानाच्या माणसाला हिरा म्हणतो आणि कुळाला कलंक लावणाऱ्याला कोळसा. पण हिशेब मांडून बघा. गावात उजेड कोळशानं आला, पाणी काळ्या भुकटीनं नितळ झालं, गाडी काजळीच्या टायरवर चालली, पोर पेन्सिलीनं लिहायला शिकलं आणि पूर्वजांचे शब्द काजळीनं आपल्यापर्यंत पोचवले. चुलीवरची बाई, भट्टीवरचा मजूर आणि फडातला कोयता यांनी त्याची किंमत छातीनं आणि पाठीनं मोजली. पदार्थ एकच, तो कुठं आणि कसा बसवायचा हे ठरवतो माणूस. काजळी पोथीत राहिली तर रोशनाई होते, बाईच्या छातीत राहिली तर आजार होतो. तिची जागा पोथीतच असावी, एवढी काळजी आपण घ्यायची.